बिनमेंदूची पेटी

फिलूला बटण सापडलं नाही.

मुंबईत फोर्टमधल्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात तिची नोकरीची मुलाखत होती. माझी मुलगी कम्प्युटरसमोर खुर्चीवर बसली होती आणि मी दारापाशी बाकावर. मध्ये अर्ध्या उंचीची काच होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. तिच्यामागे एक साहेब, एक चष्मेवाला कारकून आणि ऑफिसातली एक मुलगी अशी तीन माणसं उभी. फिलूने दोन्ही हात अक्षरांवर बरोबर ठेवले, पाठ ताठ केली आणि थांबली.

"करा सुरू," साहेब म्हणाला.

फिलू थांबलेलीच.

"मिस, सुरू करा."

"सर, तुम्ही करा ना," फिलू म्हणाली. क्लासमध्ये रोज म्हणायची तसंच, साधेपणाने म्हणाली. चष्मेवाला हसला. साहेबाला आधी वाटलं थट्टा करते, मग त्याला कळलं की ही थट्टा नाही. फिलूने कम्प्युटरच्या पेटीला पुढून हात लावून बघितला, वरून बघितला, पडद्याच्या खाली बोट फिरवलं. तिची मान लाल झालेली मला बाकावरून दिसली. शेवटी त्या ऑफिसातल्या मुलीने वाकून पेटीच्या कडेला, मागच्या बाजूला हात घातला आणि खटकन लाल बटण वर केलं. पेटी आतून घरघरली, मग कर्कश ओरडली. फिलूने तव्यावरून उचलावेत तसे हात उचलले.

मग पडद्यावर अक्षरं आली आणि एक बारीक रेघ लुकलुकू लागली. फिलूने धीर करून पहिला हुकूम टाइप केला. तो बरोबर होता, कारकुनानेही मान हलवली. तिने शेवटचं बटण दाबलं आणि डावीकडे बघितलं. पडदा समोर होता, उत्तर तिथे येऊन पडलेलं होतं, आणि माझी मुलगी डावीकडच्या भिंतीकडे बघत बसली होती.

"मिस, तिकडे काय आहे?"

तिकडे काहीच नव्हतं. तिकडे कोण असायला हवं होतं हे त्या ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं.

"पुढची बोलवा," साहेब म्हणाला.

तिथे असायला हवे होते ते मास्तर. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांच्या भावाची मुलं अजून विरारला आहेत. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. मुंबईच्या एका ऑफिसात वीस वर्षं टायपिंग केलेला हा माणूस, नोकरी सोडून आमच्या गावी, वटारला आला आणि त्याने टायपिंगच्या क्लाससाठी आमची ओटी भाड्याने मागितली. सहा टाइपरायटर, तीन बाकं, एक फळा आणि गळ्यात दोरीने बांधलेलं सेकंद मोजायचं घड्याळ एवढाच त्याचा संसार. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं असं माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, तर म्हणाले, "दोन ठिकाणी बघितल्या होत्या. तिसरी बघितल्याशिवाय ठरवायचं कसं?" तिसरी बघायला जाईपर्यंत पहिल्या दोघींची लग्नं होऊन गेली.

तेव्हा आम्ही यावर हसलो. हसायला नको होतं. सगळा माणूस त्या एका वाक्यात होता.

ते घड्याळ टायपिंगचा वेग मोजायचं, पण मास्तर त्याने जग मोजत. दोन छापांच्या काड्यापेट्या आणून कुठली काडी किती सेकंद जळते ते बघत. पाववाला सायकलवरून यायचा, त्याचा पाव पाण्यात किती वेळात बुडतो ते बघत, कारण जड पाव म्हणजे पीठ जास्त, हवा कमी. रविवारी देवळात मिस्साच्या प्रार्थनेला यायचे तेव्हाही घड्याळ गळ्यात. एकदा मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर फादरना म्हणाले, "फादर, प्रवचन एकवीस मिनिटं झालं. मुद्दा सातव्या मिनिटालाच संपला होता."

फादर भला माणूस. म्हणाले, "मास्तर, उरलेली चौदा मिनिटं तुमच्यासाठी होती. तुम्ही घड्याळ बघत होता म्हणून ऐकू आली नाहीत."

बोलताना मास्तरांची बोटं गुडघ्यावर टाइप करत असायची. आपण काय बोलतो तेच टाइप करत. फिलू लहान होती तेव्हापासून ती बोटं वाचायची. एकदा गावातला एकजण ओटीवर बसून आपल्या मुलाच्या नोकरीच्या बढाया मारत होता. मास्तर तोंडाने "वा, वा" म्हणत होते. फिलू उठून आत आली आणि तोंडावर हात दाबून हसत सुटली. मी विचारलं तर म्हणाली, "आई, मास्तर गुडघ्यावर 'कधी जाणार, कधी जाणार' असं टाइप करतायत."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला मशीनमधलं काही कळत नाही. पण मास्तरांवर माझा विश्वास बसला तो मोटरीमुळे, म्हणून ती गोष्ट सांगते.

आमच्या वाडीतल्या बावखलावर रहाट होता. बावखल म्हणजे आमच्याकडची पाण्याची तळी, प्रत्येक वाडीला असते. बैल म्हातारा झाला तेव्हा नवऱ्याने मोटर घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, पाचाची घ्या. पाच हॉर्सपॉवरची. शेजाऱ्यांनी पाचाची घेतली होती, म्हणून नवऱ्यालाही पाचाचीच हवी होती. मास्तर ओटीवरून उठून आले.

"किती लागतं ते आधी सांगा, मग किती मिळतं ते बघू," म्हणाले.

"काय किती लागतं?" नवरा म्हणाला.

"पाणी."

"पाणी भरपूर लागतं."

"भरपूर हे माप नाही."

मग मास्तर दोन दिवस बावखलाच्या काठी बसले. एका काठीवर खुणा करून पाण्यात रोवली. आम्ही पाणी उपसलं की ते परत किती वेळात भरतं ते मोजलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमच्या तळ्यात जेवढं पाणी झिरपतं तेवढं तीनाची मोटर खेचते. पाचाची घेतलीत तर अर्ध्या तासात तळ गाठेल आणि उरलेला वेळ गाळ खाईल. आणि आत्ता घेऊ नका. केळीचा हंगाम आहे, सगळे घेतायत, दुकानदार चढा बोलतो. पाऊसभर थांबा."

आम्ही थांबलो. तीनाची घेतली, स्वस्तात. शेजाऱ्याची पाचाची दोन वर्षांत गाळ खाऊन जळली. आमची मी म्हातारी होईपर्यंत चालली. सगळं वटार त्या वर्षी मास्तरांना विचारून खरेदी करायला लागलं. सायकल, इस्त्री, शिलाई मशीन, सगळं. मास्तर सगळ्यांना तेच सांगायचे, किती लागतं ते आधी सांगा. आणि शेवटी तेच सांगायचे, थोडं थांबा.

मग चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे कम्प्युटरचं सुरू झालं. मुंबईच्या ऑफिसांत आलेत, टायपिंगचे क्लास बंद पडणार, असं लोक बोलायला लागले. मास्तरांच्या क्लासला आधी तीस पोरं यायची, ती बारा झाली. फिलू तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होती. इंग्रजी आणि मराठी दोन्ही टायपिंगच्या परीक्षा झालेल्या, क्लासमध्ये तिच्या वेगाच्या जवळपास कुणी नव्हतं. मास्तर तिला म्हणायचे, "तू माझ्या क्लासची मास्तरीण. मी पेटी आणतो, पहिला हात तुझा. वर्षभरात तुला मुंबईत खुर्ची मिळेल."

गावच्या सहकारी सोसायटीत टायपिस्टची एक जागा निघाली होती. घरापासून चालत जायची वाट. मास्तरांनी नको म्हटलं. म्हणाले, "टाइपरायटरची नोकरी म्हणजे रहाटाची नोकरी. बैल आज आहे, उद्या नाही." फिलूने ती सोडली. मीही सोड म्हटलं. पाणी मोजून सांगणारा माणूस, त्याचं खोटं कसं मानायचं?

पेटी आली, पण भागाभागाने. आधी पडदा आला. मग अक्षरांची पाटी, म्हणजे कीबोर्ड. मग पत्र्याची रिकामी पेटी, बटणसुद्धा नसलेली. मास्तर ते सगळं मुंबईहून गोणपाटात गुंडाळून आणायचे, सोपारा स्टेशनावरून एसटीत मांडीवर घेऊन. अख्खं गाव बघायला आलं. नवऱ्याने पेटीत डोकावून बघितलं.

"मास्तर, आत तर काहीच नाही."

"मेंदू यायचाय," मास्तर म्हणाले. "प्रोसेसर. तो एकदा बसला की बाकीचं त्याच्या मागे येतं. बाकी सगळं तेच राहतं, मेंदू बदलतो. म्हणून मेंदू शेवटी घ्यायचा, नीट बघून."

मेंदू कसला घ्यायचा हा त्यांचा पुढची दोन वर्षं धंदा झाला. एक जुना होता, त्याच्या पेटीला एक्सटी म्हणायचे. मास्तरांनी मला चित्र दाखवलं, काळा, लांबट, दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. दुसरा नवा, चौकोनी, बिस्किटाएवढा, त्याच्या पेटीला एटी म्हणायचे. तो दोनशे शहाऐंशी नंबरचा. आणि त्याच्याही पुढचा तीनशे शहाऐंशी नंबरचा, तो म्हणे नुकता कुठे यायला लागला होता आणि त्याच्या किमतीत आमची अर्धी वाडी गेली असती.

महिन्यातून एका शनिवारी मास्तर मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या कम्प्युटरच्या दुकानांत जायचे. बरोबर डबा, घड्याळ आणि एक कागद. त्या कागदावर एक गणित होतं, पुढच्या हजार वर्षांत पास्काचा, म्हणजे ईस्टरचा सण कुठल्या तारखेला येईल ते काढायचं. पास्काची तारीख चंद्रावर असते, दर वर्षी हलते, म्हणून ते गणित किचकट. प्रत्येक दुकानात ते तेच गणित मशीनला घालायला लावत आणि घड्याळ दाबत. जुन्या मेंदूला किती वेळ, नव्याला किती. मग वेळ आणि किंमत यांचा भागाकार. दुकानदार आधी सरबत देत, मग पाणी देत, मग मास्तर दिसले की शटर अर्धं ओढत. एकाने विचारलं, "अंकल, आपको हजार साल जीना है क्या?" मास्तरांनी स्वतः येऊन मला हे सांगितलं, आणि त्या दुकानदाराचा वेग कमी आहे, त्याच्याकडून घ्यायचं नाही, असंही सांगितलं.

मोटर घेताना ज्या माणसाने आधी पाणी मोजलं, त्याने इथे पाणी मोजलंच नाही. पोरींना पत्र टाइप करायचं होतं. हजार वर्षांचा पास्काचा सण कुणाला हवा होता? पण हे मला आता सुचतं. तेव्हा सुचलं नाही.

आणि पेटी रिकामी असताना शिकवायचं कसं? मास्तर स्वतःच मेंदू झाले.

हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. फिलू पडद्यासमोर बसायची. पडदा काळा. ती कीबोर्डवर हुकूम टाइप करायची, मास्तर तिच्या डाव्या हाताला स्टुलावर पाटी आणि खडू घेऊन बसलेले. तिची बोटं बघून त्यांना कळायचं तिने काय टाइप केलं. मग कम्प्युटरने जे उत्तर दिलं असतं ते पाटीवर लिहून तिच्यासमोर धरायचे. चुकलं तर पाटीवर लिहायचे, हुकूम चुकला. सगळे हुकूम त्यांनी पुस्तकातून पाठ केले होते. त्यांचं एकदाही चुकलं नसावं. रोज बसताना फिलू म्हणायची, "मास्तर, करा सुरू," आणि मास्तर "झालो" म्हणायचे. ते झालो म्हणायचे तेव्हा बारा पोरं हसायची, मास्तर हसायचे नाहीत.

घड्याळ तिथेही होतं. सोमवारी ते जुना मेंदू असायचे, तेव्हा उत्तर लिहायच्या आधी घड्याळ बघत बसायचे. फुलपाड्याहून एक पोरगी यायची, जरा आगाऊ होती, ती म्हणायची, "मास्तर, झोपलात का?"

"विचार करतोय. मी आज एक्सटी आहे."

गुरुवारी ते दोनशे शहाऐंशी. तेव्हा भराभर लिहायचे. एकदा त्या पोरीने हट्ट धरला, मास्तर, आज तीनशे शहाऐंशी व्हा. मास्तर झाले. इतक्या वेगाने लिहिलं की खडू मोडला आणि पाटीवर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येईना. "यंत्र फार पुढचं आहे," मास्तर म्हणाले, "तुम्हाला झेपत नाही."

आम्ही पोट धरून हसलो. माझा नवरा तर आठवडाभर जेवताना "मी आज एक्सटी आहे" म्हणून भात संपवायला उशीर लावायचा. हसण्यासारखं होतंच. पण पोरीचं एकविसावं वर्ष गेलं, बाविसावं गेलं, आणि ती काळ्या पडद्यासमोर बसून डावीकडे बघायला शिकत होती.

आता माझं सांगते.

फिलूच्या मुलाखतीच्या आधीच्या पावसाळ्यात, एका शनिवारी मास्तर लॅमिंग्टन रोडला गेलेच नाहीत. दुपारी मी मागच्या अंगणात मोगऱ्याच्या कळ्या निवडत होते. मास्तर तिथे आले. ते कधी मागे यायचे नाहीत.

"बाई, ठरवलं," म्हणाले. "एक्सटीच घेतो. सोमवारी जाऊन आणतो."

"तो गोमेसारखा?"

"तोच. पत्र टायपायला पुरे आहे. पोरीचा हात बसेल. माझा घोळ फार झाला."

मी म्हटलं, "आणि तो चौकोनी?"

"तो नाताळनंतर उतरेल म्हणतात. दुकानदार म्हणतो, तीनशे शहाऐंशीचा माल आला की हा खाली येणार."

मी कळ्या निवडतच होते. मी म्हटलं, "मग थांबा की. तुम्हीच मला मोटरीला थांबवलंत. एवढी दोन वर्षं थांबलात, नाताळाला कितीसा वेळ आहे? जुनी घेऊन गावाला काय दाखवायचं?"

हे शेवटचं वाक्य खरं आहे. पोरीचं भलं वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. शेजारणीच्या मुलाने आखातातून रंगीत टीव्ही आणला होता आणि तिच्या घरी रोज गर्दी व्हायची. माझ्या ओटीवर येणारी वस्तू गावात सगळ्यात नवी असावी एवढंच मला हवं होतं.

 मास्तरांची बोटं मांडीवर हलली. मग म्हणाले, "बरोबर आहे, बाई." आणि पुढे ओटीवर गेले. त्या माणसाला आयुष्यात सगळ्यांनी घाई कर म्हटलं. थांबा म्हणणारी मी एकटी भेटले, आणि तीही नेमकी त्याचं ठरलेलं असताना.

नाताळ झाला. किमती उतरल्या नाहीत. जानेवारीत फिलूला जहाज कंपनीचं पत्र आलं. मास्तरांनी लिहून दिलेल्या दाखल्यात 'कम्प्युटरचे ज्ञान उत्तम' असं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तिला सगळं येत होतं. तिने फक्त चालू पेटी बघितली नव्हती. मास्तरांना ही काळजी वाटली असेल का? त्यांनी आदल्या दिवशी तिची चार वेळा तालीम घेतली, घड्याळ लावून. चारही वेळा ती त्यांच्या वेळेत बसली.

मुलाखतीहून परत आलो तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. क्लास सुटलेला. मास्तर पायरीवर उभे होते.  त्यांनी फिलूचं तोंड बघितलं नाही. त्यांनी आधी विचारलं, "मशीन कुठलं होतं?"

फिलू म्हणाली, "एक्सटी. पेटीवर लिहिलं होतं."

"एक्सटी?"

"हो, मास्तर. जुनंच."

 ते मी समजले आणि मास्तरही समजले. सोमवारी जाऊन आणतो म्हणाले होते तीच पेटी. पाच महिने आमच्या ओटीवर असती. पोरीने पाच महिने ते लाल बटण रोज दाबलं असतं.

मला स्वतःचा राग आला होता, पण तो काढायला समोर मास्तर होते. मी बोलले. पायरीवर उभं राहूनच बोलले, आवाज चढवून. शेजारीण कुंपणाशी आली, तरी थांबले नाही.

"पोरीला पाटीवर पोहायला शिकवलंत तुम्ही," मी म्हटलं. "तिला समुद्रात टाकून आले मी आज. तिचं हसू झालं तिथे. तुमच्या घड्याळाच्या नादात तिची वर्षं गेली. सोसायटीची नोकरी सोडायला लावलीत. दोन वर्षं नुसतं बघतोय, बघतोय. बायको बघत राहिलात, मेंदू बघत राहिलात. तुम्हाला घ्यायचं कधी नव्हतंच. या महिन्यात माझी ओटी रिकामी करा."

नवरा आतून आला. "अगं, काय बोलतेस?"

"तुम्ही गप्प बसा."

मास्तर बाकावर बसले. एका शब्दाने ते मला गप्प करू शकले असते. बाई, तुम्हीच थांबा म्हणालात. एवढंच म्हणायचं होतं, फिलू समोरच उभी होती. मी वाट बघत होते. ते म्हणतील असं मला वाटत होतं, म्हणून मी आणखी मोठ्याने बोलत होते. पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी फिलूकडे बघितलं आणि म्हणाले, "बटण पाठीमागे असतं हे मला माहीत होतं, पोरी. पुस्तकात चित्र आहे. ते शिकवायचं राहिलं. चूक माझीच आहे."

त्यांची बोटं गुडघ्यावर चालली होती. नंतर आत आल्यावर मी फिलूला विचारलं, "काय टाइप करत होते?"

"पहिला धडा," फिलू म्हणाली. "ए, एस, डी, एफ. तेच परत परत."

दुसऱ्या दिवशी मास्तर मुंबईला गेले आणि एक्सटीचा मेंदू घेऊन आले. कुठलंही गणित घातलं नाही, भाव केला नाही. पहिल्या दुकानात शिरून घेतला असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. एक माणूस आणून त्यांनी पेटी जुळवून घेतली आणि आमच्या ओटीवर ती पहिल्यांदा सुरू झाली. मास्तरांनी आत हाक मारली, "फिलू, ये. पहिला हात तुझा म्हटलं होतं."

फिलू स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. ती मासे साफ करतच राहिली. मी तिला जा म्हणायला हवं होतं.  बाहेर पेटीची घरघर बराच वेळ चालू होती, मग थांबली.

महिना संपायच्या आत मास्तरांनी ओटी रिकामी केली. हातगाडी आणली होती. सहा टाइपरायटर, पेटी, पडदा, बाकं. खडूची पाटी ठेवून गेले, ती फिलूने उचलून माळ्यावर टाकली. निघताना मला म्हणाले, "बाई, चावी." मी चावी घेतली.  पंधरा वर्षं राहिलेल्या भाडेकरूला चहासुद्धा विचारला नाही, हे मला अजून टोचतं. बोललेल्या शब्दांपेक्षा जास्त टोचतं.

ते फुलपाड्याला गेले. त्या आगाऊ पोरीच्या चाळीत खोली मिळाली. तिथे त्याच जुन्या पेटीवर त्यांनी क्लास चालवला आणि चांगला चालवला. पुढे नव्या पेट्या आल्या, लोक म्हणाले बदला, तर म्हणायचे, पत्र टायपायला पुरे आहे. त्यांच्याकडे शिकून पोरं-पोरी नोकऱ्यांना लागल्या. हे मला बाजारात फुलं विकताना कळायचं. कुणी ना कुणी सांगायचं, मास्तर बरे आहेत, तुमची आठवण काढतात. मी म्हणायची, हो का. एकदा सोपाऱ्याच्या बाजारात समोरून येताना दिसले. गळ्यात घड्याळ नव्हतं. मी केळीच्या गाड्यामागे वळले. ते मला बघून थांबले होते की नाही, ते मी बघितलं नाही.

ते गेले त्याचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. मातीला जायचा प्रश्न उरला नव्हता.

फिलूने परत कुठल्या ऑफिसात अर्ज केला नाही. मी म्हटलं, नवऱ्याने म्हटलं, फादरनी म्हटलं. ती नाही म्हणाली. तिने माझ्याबरोबर मोगरा आणि चाफा विकला, मग लग्न करून गेली, तिचं बरं चाललं आहे. आता एव्हरशाईनच्या नव्या वसाहतीत राहते. तिचे दोन्ही मुलगे कम्प्युटरवरच काम करतात. कधी मास्तरांचा विषय निघाला तर ती म्हणते, "त्या माणसाने माझं नुकसान केलं, पण शिकवायचे चांगलं." मी तिथेच बसलेली असते आणि भाजी निवडते. मागच्या अंगणात काय बोलणं झालं हे मी तिला इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही. मास्तरांनीही सांगितलं नाही. हे लिहिलेलं ती वाचेल तेव्हा तिला कळेल.

मुलाखतीच्या त्या संध्याकाळी ओटीवर आम्ही चौघं होतो. मास्तर गेले, त्यांच्यानंतर माझा नवरा गेला. फिलू आहे, आणि मी आहे.